नवजात बाळाच्या लघवीचं कल्चर: पिशवीतला नमुना धरायचा का?

नर्सताई, खानापूर
१२ दिवसांचा मुलगा. दूध नीट ओढंना, कावीळ उतरलेली नाही, काखेत ताप ३८.२ सेल्सिअस. परवा पिशवी चिकटवून लघवी घेतली, बसने बेळगावला पाठवली. कल्चरात (लघवीतले जंतू वाढवून बघतात ती तपासणी) ई. कोलाय हा आतड्यातला जंतू आणि अजून दोन जंतू, स्ट्रिपवर नायट्राइट (जंतूंची खूण) निगेटिव्ह. इन्फेक्शन म्हणायचं की भेसळ? आजी गुटी चाटवायची म्हणते.

बालरोग, बेळगाव
ताई, रिपोर्ट राहू दे, आधी बाळाला हलवा. २८ दिवसांच्या आत ३८ किंवा वर ताप म्हणजे भरती, लघवीत काही निघो न निघो. या वयात जंतू बघता बघता रक्तात उतरतात. ताप नसून अंग गार पडलं तरी तेवढीच घाई. १०८ बोलवा, सरकारी एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) उपचार मोफत आहेत. पॅरासिटामॉलच्या थेंबांनी ताप झाकू नका, गुटी तर नकोच. ओढेल तेवढं आईचं दूध चालू ठेवा.

तिथं रक्त आणि लघवीचं कल्चर घेतील, बहुतेक पाठीतलं पाणीही. मग शिरेतून अँपिसिलिन-जेंटामायसिन. कावीळ असताना सेफ्ट्रियाक्झोन नको, ते बिलिरुबिनला (कावीळीच्या पिवळ्या द्रव्याला) रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनावरून सोडवतं, मग ते मेंदूत जाऊ शकतं.

लॅबवाला, निपाणी
तीन जंतू म्हणजे बहुधा भेसळच. पिशवीत कातडीवरचे, शीतले जंतू उतरतात. पिशवीचं कल्चर निगेटिव्ह आलं तरच कामाचं, पॉझिटिव्हवर विसंबू नये. नायट्राइटचंही तसंच: लघवी मूत्राशयात चारेक तास थांबली तर जंतू तो बनवतात, एवढंसं बाळ सारखं मुततं. म्हणून निगेटिव्ह आला तरी इन्फेक्शन असू शकतं.

आणि बसचा प्रवास! नमुना तासाभरात कल्चरला लावायचा, नाहीतर ४ अंशाला ठेवायचा, जास्तीत जास्त २४ तास. बर्फ घातलेला वेगळा थर्मास वापरा. लसीच्या डब्यात नमुना घालू नका.

नर्सताई, खानापूर
१०८ ला फोन केला. पुढच्या खेपेला पिशवी नको तर कसं घ्यायचं?

बालरोग, बेळगाव
बाळ आजारी असेल तर ५ नंबरची फीडिंग ट्यूब (बारीक नळी) लघवीच्या वाटेनं मूत्राशयात घालायची, निर्जंतुक पद्धतीनं; पहिले थेंब टाकून द्या. मुलाच्या शिश्नाची पुढची कातडी जोर लावून मागे ओढू नका.

नळी घालणारं कुणी नसेल तर पाजून २५ मिनिटांनी जागा साबणपाण्यानं धुवून पुसा. एकीनं बाळाला काखेत धरून पाय लोंबते ठेवायचे. दुसरीनं ओटीपोटावर बोटांच्या टोकांनी हलकेच टकटक करायचं, मिनिटाला शंभराच्या वेगानं, ३० सेकंद. मग कमरेत मणक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यांनी ३० सेकंद चोळायचं. असं आलटून पालटून ५ मिनिटांपर्यंत. धार सुटली की मधली लघवी निर्जंतुक डबीत. ट्यूबइतका हा नमुना स्वच्छ नसतो, पण पिशवीपेक्षा बरा. नाही आली तर तिथंच अडकून बसू नका, बाळ पाठवा.

इन्फेक्शन ठरलं तर मूत्रपिंड-मूत्राशयाची सोनोग्राफी करायचीच. मुलाची धार बारीक, थेंबथेंब असेल किंवा लघवी होऊनही ओटीपोट टणक लागत असेल तर ते रेफर चिठ्ठीवर ठळक लिहा. मूत्रमार्गात पडदा असू शकतो.