किंमत ठरते ती घाईवर

फुटबॉलच्या बाजारात खेळाडूचा दर त्याच्या खेळावरच ठरतो, असे मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. ऑगस्ट 2017 मध्ये पॅरिस सेंट जर्मेन या फ्रेंच क्लबने करारातील मुक्ततेची (म्हणजे जी भरली की खेळाडूला सोडावेच लागते ती) 22 कोटी 20 लाख युरो ही पूर्ण रक्कम भरून बार्सिलोना क्लबच्या नेमारला नेले, तेव्हा बार्सिलोनाकडे पैसा आला आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत (‘खिडकी’) संपायला थोडेच दिवस उरले, हे साऱ्या युरोपला दिसत होते. बार्सिलोनाला हवा असलेला डेम्बेले ज्यांच्याकडे होता, त्या डॉर्टमुंड या जर्मन क्लबने नेमके तेच हेरले. डेम्बेले सरावाला दांडी मारून बसला, तरी त्याला निलंबित करून क्लब अडून राहिला आणि अखेर 10 कोटी 50 लाख युरो, शिवाय कामगिरीनुसार वाढीव रक्कम पदरात पाडून घेतली.

आमच्या यवतमाळकडच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा होतो, तो एवढ्याचसाठी की गरज आणि आकडा चारचौघांत उघडा पडू नये.

2013 मध्ये आर्सेनल या इंग्लिश क्लबने लिव्हरपूल क्लबच्या सुआरेझसाठी 4 कोटी आणि वर एक पौंड अशी बोली लावली, ती मला चूकच वाटते. कारण त्या एका पौंडाने सुआरेझच्या करारातील 4 कोटींवरच्या बोलीसंबंधीच्या कलमावरच डोळा असल्याचे उघड झाले आणि लिव्हरपूल अधिकच ताठर झाले. पुढच्याच वर्षी सुआरेझ बार्सिलोनाला गेला, तोही बऱ्याच चढ्या किमतीला.