एक विषय राहिला की शिष्यवृत्ती बंद? सिंहगडरोडकरांना उत्तर

शिष्यवृत्ती खिडकी
काल सिंहगडरोडकरांनी इथे लिहिलं की सरकारी पैशावर शिकणाऱ्याचा एकही विषय राहिला तर शिष्यवृत्ती बंद करा आणि 75 टक्के हजेरी सगळीकडे बायोमेट्रिकवर मोजा, कारण ‘फुकटचं मिळालं की किंमत राहत नाही’. हा ‘फुकटचं’ शब्द मला लागला. बावीस वर्षं एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे बसले आहे, त्यामुळे आज जरा लांबण लावणार.

मुळात अटी नाहीत हेच खोटं. राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीला मागच्या सत्राची किमान 50 टक्के हजेरी लागते, आणि शिकताना दोन वर्षांचा खंड पडला की नाव गेलं. बारावीच्या गुणांवर मिळणाऱ्या केंद्राच्या शिष्यवृत्तीला दरवर्षी 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी. दहावीनंतर मिळणाऱ्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत नापास होऊन त्याच वर्गात राहिलात तर वरच्या वर्गात जाईपर्यंत पुढचा लाभ नाही. एटीकेटी घेऊन, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्षात गेलेल्याला तेवढं नूतनीकरण करता येतं. तुम्हाला तेही काढून घ्यायचंय.

आता पैसे कसे येतात ते बघा. ऑनलाइन अर्ज कॉलेजच्या क्लार्क लॉगिनवरून प्रिन्सिपल लॉगिनला, तिथून खात्याच्या डेस्कवर. मध्ये दुरुस्तीसाठी ‘सेंड बॅक’ आला, आधार जोडणी चुकली, की वर्ष निघून जातं. मेसवाला मात्र एक तारखेलाच पैसे मागतो. मग पोर रात्रीचं काम धरतं, सकाळचं प्रॅक्टिकल बुडतं, हजेरी घसरते, गणिताचा एम-थ्री राहतो. ज्या सत्राचा हप्ता सरकारने वेळेत दिला नाही, त्या सत्राची हजेरी आणि निकाल धरून कोणाची शिष्यवृत्ती तोडू नये. माझी मागणी एवढीच आहे.

सिंहगडरोडकर
ताई, तुम्ही खिडकीच्या त्या बाजूला होतात, मी या बाजूला. माझं उत्पन्न आठ लाखांच्या किंचित वर, म्हणून मुलाला एक रुपया नाही. कर्ज काढलंय. त्याचा विषय राहिला तर बँक हप्ता सोडत नाही. माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर घरी पगार बंद झाला. आई डबे करायची, मी ते पोहोचवून डिप्लोमाला जायचो. एकही केटी नाही, म्हणजे एकही विषय राहिला नाही. परिस्थिती सगळ्यांनाच असते, तिचं प्रमाणपत्र करून फिरवू नका.

मेकॅनिकलची बाई
मी शिकवते, म्हणून हजेरीबद्दल बोलते. ती 75 टक्के कागदावरच असते. फेब्रुवारीत साठच्या वर्गात बारा डोकी बसलेली असतात आणि सत्र संपताना सगळे पात्र ठरतात. मुलं अपात्र ठरली तर शिष्यवृत्तीतून येणारी फी कॉलेजला मिळत नाही, म्हणून वरून निरोप येतो, ‘मॅडम, जरा बघा’. मी बघितलं नाही, तर पुढच्या वर्षी तो विषयच माझ्याकडून काढला. बायोमेट्रिक आणा, पण आधी कॉलेजांसाठी आणा.

चौथा बाक
बारा का बसतात हेही सांगा. पीपीटी वाचून दाखवणाऱ्या वर्गात बसून कोणाची प्रगती होते? आम्ही विषय यूट्यूबवरून सोडवले आणि फर्स्ट क्लासमध्ये पास झालो. हजेरी म्हणजे अभ्यास नव्हे.

मेकॅनिकलची बाई
वर्कशॉपमधला लेथ यूट्यूबवर चालवलात का? तासाला 250 रुपये मानधनावर चार-चार महिने थकबाकी ठेवून शिकवणाऱ्यांना पीपीटीवरून बोलू नका. तो राग माझ्यावर काढायचा नाही.

चौथा बाक
राग नाही. पण ज्या तासांना तुम्हीच खोटी हजेरी लागते म्हणता, त्याच तासांवर गरिबाचे पैसे अडवायचे हे पटत नाही.

मेकॅनिकलची बाई
मी लावत नाही, हे वर लिहिलंय. नीट वाचा.

तिसरी लेक
हजेरी-निकाल बाजूला ठेवा. शाहू शिष्यवृत्तीत कुटुंबातली पहिली दोनच अपत्यं धरतात. मी तिसरी. दोन्ही बहिणींना अर्धी फी मिळाली, मला काहीच नाही, आणि सत्तर टक्क्यांच्या वर गुण तिघींत फक्त मलाच होते. माझा जन्म ही माझी शैक्षणिक प्रगती आहे का? 2024 मध्ये मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली तेव्हा मी पदवी घेऊन कर्ज फेडत होते. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी या अटीवर एक तरी ओळ लिहावी.

सिंहगडरोडकर
ही अट चुकीची आहे. मान्य. पण मूळ विषय वेगळा आहे.

पुस्तकवाला
मुदतीचा जाच नवा नाही. सयाजीराव महाराजांनी 1913 मध्ये बाबासाहेबांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. तिची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये तिथून पुढे लंडनला सुरू केलेला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. पैसे जमवून ते 1920 मध्ये पुन्हा गेले आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. असा माणूसही मुदतीत अडकला.

सिंहगडरोडकर
आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करारही होता, तो का गाळला? शिष्यवृत्तीला अट असतेच.

पुस्तकवाला
करार होता, बरोबर. त्या नोकरीत बडोद्यात राहायला जागासुद्धा मिळू दिली नाही, हेही मग लिहा. अट पाळायला आधी पायाखाली जमीन लागते.

रात्रपाळी
मी हिंगोलीचा, पुण्यात शिकतो. वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून स्वाधारला, म्हणजे वसतिगृह न मिळालेल्यांना राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या सरकारी योजनेला, अर्ज केला. पुण्यासाठी वर्षाला 60 हजार: जेवणाचे 32, राहण्याचे 20, निर्वाहाचे 8. दुसऱ्या वर्षाचे पैसे तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर आले. तोवर गोदामात पार्सलं लावली, रात्री दहा ते सहा. हजेरी 68 भरली. स्वाधारला 75 लागते. काका, तुम्ही डबे पोहोचवलेत, त्याचा मला आदर आहे. पण रात्री तुम्ही घरी झोपत होतात. मी सकाळी आठच्या लेक्चरला बाकावर झोपायचो, आणि सर माझी हजेरी लावायचे नाहीत. त्यांचं चुकलं असंही मी म्हणत नाही.

सिंहगडरोडकर
तुझ्यासारख्याबद्दल मी लिहिलं नव्हतं.

शिष्यवृत्ती खिडकी
नियम लिहिताना ‘तुझ्यासारखा’ असा रकाना नसतो हो. 68 म्हणजे अपात्र, एवढंच दिसतं.

सिंहगडरोडकर
ठीक आहे. हप्ता उशिरा आला त्या सत्रापुरती सूट द्या. पण पैसे वेळेवर येऊनही ज्याचे चार-चार विषय राहतात त्याला नाही, त्यावरून मी हटणार नाही.

शिष्यवृत्ती खिडकी
त्याला देऊ नका, मीही म्हणत नाही. रात्रपाळी, या वर्षीचा अर्ज कुठल्या डेस्कवर आहे ते बघून कळव. आणि आधार कोणत्या बँक खात्याशी जोडलेलं (मॅप) आहे तेही तपास. गोदामवाल्यांनी पगारासाठी नवीन खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे गेले असतील.