मदत हवी आहे : पर्वती सुटलेल्या बाबांना कुठे नेऊ?

नमस्कार मंडळी. बाबा ७१ वर्षांचे. तीस वर्षं रोज पहाटे पुण्यातली पर्वती टेकडी चढायचे. मार्चमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पायऱ्या बंद. तेव्हापासून माणूस मिटल्यासारखा झालाय. मोठा टीव्ही आणला, अळूवडी केली (विकतची नाही हं), दोन घास खाऊन ताट सरकवतात.

काल चिडून विचारलं, "त्या पायऱ्यांत एवढं काय होतं?" तर गीतेचा अठरावा अध्याय काढला. सात्त्विक सुख आधी विषासारखं, शेवटी अमृतासारखं. राजस सुखाचं उलटं. "टीव्ही राजस," म्हणाले आणि रिमोट पालथा ठेवला.

मला विचाराल तर खरी गंमत खाली उतरल्यावर चौघांत बशीतून चहा फुरकण्यात होती. पण नुसतं चहापुरतं जायला त्यांना कमीपणा वाटतो. सारसबागेत नेलं, तर "इथे लोक भेळ खायला येतात!"

सहकारनगरच्या आसपास पायऱ्या नाहीत पण जरा धाप लागेल, आणि सकाळी ज्येष्ठांचा कंपू जमतो अशी जागा सुचवा ना. तळजाई टेकडीचा चढ-उतार अशा गुडघ्याला झेपतो का? कुणाच्या घरी असं झालं असेल तर तेही लिहा.