बायबलच्या नीतिसूत्रे 31 मधली ‘सद्गुणी स्त्री’: महिला रविवारी काय बोलू?

काजूवाली_वेंगुर्ला
सर्वांना सलाम. येत्या महिला रविवारी आमच्या चर्चमध्ये मला पंधरा मिनिटं बोलायचंय, विषय दिलाय ‘सद्गुणी स्त्री’. मी काजू कारखान्यात ग्रेडिंगला आहे, आधी सहा वर्षं बिया फोडायला होते. हा अध्याय ऐकला की लहानपणापासून मला आतून दडपल्यासारखं होतं, कारण दरवेळी त्यातून एवढंच काढतात की ती पहाटे उठते, रात्री तिचा दिवा विझत नाही, मग तुम्हाला का जमत नाही. गेल्या वर्षी बोलायला आलेल्या ताईंनी तर सांगितलं की बाई कामाला बाहेर पडली की घरातली शांती जाते. मागच्या बाकावर आम्ही सहाजणी कारखान्यातल्याच होतो. काजूच्या चिकाने बोटं काळी पडतात, राख चोळा नाहीतर तेल लावा, डाग राहतोच. त्या दिवशी माझ्या शेजारणीने हात पदराखाली धरून ठेवला होता, प्रभुभोजनाची भाकर घ्यायची वेळ आली तेव्हाच बाहेर काढला. ते माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. मला वचन बाजूला ठेवायचं नाहीये, मी ते मानते, म्हणूनच विचारते की ते नक्की काय सांगतंय?

मालवणची_मावशी
गो बाय, तुझा वाचून माका माझी आवस आठावली, तिना मासे इकून आमका शिकवल्यान.
आता नीट लिहिते. अध्याय परत वाच, पण सावकाश. 16 वं वचन बघ, ती शेत बघते, विचार करते, विकत घेते आणि स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. 24 मध्ये तागाची वस्त्रं करून विकते, व्यापाऱ्यांना कमरपट्टे पुरवते. नवरा वेशीत वडीलमंडळींबरोबर बसलाय आणि व्यवहार ही बघतेय, मग बाईने बाहेर पडू नये हे यात कुठून आलं?? आणि 15 मध्ये तिच्या घरी दासी आहेत हे कोणी सांगतच नाही, सगळा रगाडा तिने एकटीने उपसलेला नाही.
मूळ हिब्रू शब्द आहे ‘एशेत खायिल’. खायिल म्हणजे बळ, सैन्यालासुद्धा तोच शब्द वापरतात. शास्ते 6 मध्ये देवदूत गिदोनाला पराक्रमी म्हणतो तिथेही हाच आहे, आणि बाईला लावला की त्याचं ‘सद्गुणी’ होतं. सद्गुणी हे खोटं नाही पण त्यात ताकद दिसत नाही. आता रूथ 3:11 उघड. शेतमालक बवाज रूथला हेच म्हणतो. ती तेव्हा कोण होती, तर परकी मवाबी बाई, विधवा, पोटी मूल नाही, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून सासूला जगवणारी. तिच्या हाताला पण घट्टे असतीलच ना.

रत्नागिरीकर_डी
ताई, तुम्हाला लागलं ते बोलणं चुकीचंच होतं. पण एक मनापासून सांगतो, इफिस 5 (बायकांनी नवऱ्याच्या अधीन राहावं) आणि तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा 2 रा अध्याय (बाईने शिकवू नये, शांत राहावं) हेही वचनच आहे, अवघड वाटतं म्हणून ते वगळून बोलू नका. माझ्या आईने घरात राहून आम्हा चौघांना वाढवलं, रोज रात्री गुडघ्यावर बसवून प्रार्थना शिकवली. कामाला जाणाऱ्या बायकांचा मान ठेवताना तिच्यासारख्या कमी पडल्या असं वाटायला नको.

अलिबागची
दादा, तुमच्या आईबद्दलचं अगदी पटलं. पण इफिस 5 वाचायचं तर 21 पासून वाचा, तिथे आधी एकमेकांच्या अधीन व्हा असं आहे, आणि 25 मध्ये नवऱ्याने ख्रिस्तासारखं स्वतःला अर्पण करायचंय, आपल्याकडे लग्नात यातलं बायकोचंच तेवढं जोरात वाचतात. तीमथ्याला लिहिणारा पौलच रोम 16 मध्ये मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो, आणि प्रिस्किल्लाने नवऱ्याबरोबर बसून अपुल्लोसासारख्या विद्वानाला देवाचा मार्ग नीट समजावला हे प्रेषितांची कृत्ये 18 मध्ये आहे. दोन्ही धरूनच अर्थ लावावा लागतो.
आमच्या इथे इस्रायल आळी आहे, बेने इस्रायल म्हणजे कोकणातल्या यहुदी लोकांची, म्हणून मला हे नेहमी आठवतं. नीतिसूत्रे 31 चा हा भाग यहुदी घरांत शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या जेवणाआधी म्हणतात, नवरा बायकोसाठी म्हणतो. 22 वचनं, हिब्रूतल्या 22 अक्षरांवर एकेक. म्हणजे हे बाईचं कौतुक म्हणून घरच्यांनी गायचंय आणि आपण त्याची कामांची यादी करून तिच्याच हातात दिली.
आणि पंडिता रमाबाईंचं नाव घ्याच. विधवा, पदरात एक मुलगी, तरी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. 1922 ला गेल्या, तोवर तेच काम चालू होतं. नवरा नसलेल्या, लग्न न झालेल्या बायकापण समोर बसलेल्या असतात, त्यांनाही काहीतरी मिळू दे.

काजूवाली_वेंगुर्ला
सगळ्यांचे खूप आभार, रडायला आलं वाचून. रत्नागिरीच्या दादांचं लक्षात ठेवेन, माझ्या सासूबाई घरीच असतात आणि त्यांच्या जिवावरच मी कामाला जाते. काल त्यांना 16 वं वचन वाचून दाखवलं तर म्हणाल्या, शेत घेतलेलं आम्हाला कोणी कधी सांगितलंच नाही.
आता शेवटच्या वचनावर अडलेय. तिच्या हातांचं फळ तिला द्या असं स्पष्ट लिहिलंय. आमच्याच मंडळात दोघी आहेत, त्यांचा पगार झाला की नवरा त्याच दिवशी काढून घेतो. त्या समोर बसलेल्या असतील आणि नवरे पलीकडच्या बाकांवर. याचा सरळ अर्थ मजुरी तिच्या हातात, असं मी बोलू का? मावशी, तुम्ही असता तर बोलला असता का?

मालवणची_मावशी
बोललंय असतंय. पण आधी त्या दोघींना घरी जाऊन विचार गो, मंडळीतून परतल्यावर त्यांका त्याच घरात ऱ्हवाचा आसा.