मदत हवी आहे: कातीव लाकडी करंडा सावंतवाडीचा की चन्नपट्टणचा?

आजीच्या कुंकवाच्या करंड्याचं वय आणि मूळ शोधतोय. घर कुडाळजवळचं, पण आजोबा नोकरीनिमित्त म्हैसूरलाही होते, म्हणून घोळ: सावंतवाडी कुडाळजवळ, चन्नपट्टण (कर्नाटक) म्हैसूरकडे, आणि लाखेचं लाकूडकाम दोन्हीकडे होतं. उंची साधारण 9 सेंमी, लाकूड फिकट आणि वजनाला अगदी हलकं, त्यामुळे मला पांगारा वाटतो. तांबड्यावर पिवळे पट्टे. तळाशी कापसाने स्पिरिट लावलं तर तांबडा रंग उतरला, म्हणजे लाखच असावी, ऑइलपेंट नव्हे. झाकणाला आटे नाहीत, नुसतं घट्ट बसतं. शिक्का, सही काही नाही. बुडाला मधोमध बारीक खळगा आणि भोवती असमान रेघा आहेत. खरवडून किंवा कापून बघायचं नाहीये. दोरीने फिरवलेल्या चरकावरचं (लाकूड फिरवून कातायच्या हाताच्या यंत्रावरचं) काम आणि विजेच्या लेथवरचं काम या रेघांवरून वेगळं ओळखता येतं का, आणि कसं?