बंड्या नव्या पोरांना जवळ करेना, काय करू?

घाटावरची

बंड्या म्हणजे आमचा पाळलेला उंदीर. पांढरा, डोकं आणि पाठीवरचा पट्टा काळा. वय दोन वर्षं एक महिना. खरा तो लेकीचा. ती बंगळुरूला शिकायला गेली आणि दोन उंदीर, एक पिंजरा आणि सूचनांचं पान माझ्या गळ्यात घालून गेली. आधी मला किळस यायची, खोटं कशाला बोलू. आता संध्याकाळी टीव्ही लावला की बंड्या सोफ्यावर येतो, माझ्या मांडीवर बसून दात करकर वाजवतो आणि ते ऐकल्याशिवाय मला चैन पडत नाही.

त्याचा जोडीदार गुंड्या दिवाळीच्या आधी गेला. तेव्हापासून बंड्या पिंजऱ्यात टांगलेल्या झोळीत चढतच नाही, खाण्याच्या वाटीला पाठ लावून झोपून राहतो. लेक म्हणाली, आई, उंदीर एकटा राहू शकत नाही, त्याला सोबत आण. म्हणून परवा दुकानातून सात आठवड्यांची दोन पोरं आणली. काल सोफ्यावर तिघांना एकत्र सोडलं. बंड्याने अंगावरचे केस फुलवले, खेकड्यासारखा आडवा चालत गेला आणि एकाला ढकलत ढकलत सोफ्याच्या कोपऱ्यात नेऊन उताणं पाडलं. ते पोर असं किंचाळलं की शेजारच्या काकू दारात आल्या. मी मध्ये हात घातला. बंड्याने माझं बोट फोडलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

पोरं परत करू का? की बंड्याचं वय झालंय, त्याला एकटंच राहू द्यावं?

कोपरखळी

आमच्या सोसायटीत गेल्याच महिन्यात उंदरांसाठी चिकट पुठ्ठे वाटले. आणि तुम्ही झोळी बांधताय!

तिसरा_पिंजरा

ताई, परत करू नका. आतापर्यंत माझ्याकडे नऊ उंदीर होऊन गेले, त्यातल्या सात जणांची अशीच गाठ घालून दिली. तुमच्या बंड्याचं काहीच चुकलेलं नाही. जागा चुकली. सोफा त्याचा आहे. रोज संध्याकाळी तो तिथे बसतो, जाता-येता मुताचे थेंब टाकून ठेवतो. तुम्ही परक्या पोरांना थेट त्याच्या बैठकीत नेऊन बसवलंत.

आधी एक सांगा, दोन्ही पोरं नर आहेत हे ठरवलं कोणी? दुकानदाराने? स्वतः शेपटीखाली बघा. या वयाच्या नराचं झाकून राहत नाही. मादी पाचव्या-सहाव्या आठवड्यातच गाभण राहू शकते आणि २१ ते २३ दिवसांत पिलं होतात. एकदा दुकानदारावर विश्वास ठेवून माझ्या घरात अकरा पिलं झाली होती.

केस फुलवणं, आडवं चालणं, उताणं पाडून मानेचे केस खसाखसा चाटणं हे सगळं ‘इथे मोठा मी आहे’ सांगणं असतं. पोर किंचाळलं म्हणजे त्याला लागलं असं नाही. पोरं किंचाळून शरण जातात, की मोठा सोडून देतो. आपण मध्ये पडलो की ते बोलणं अर्धवट राहतं आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. दोघांचा गोळा होऊन लोळायला लागले किंवा रक्त दिसलं, तरच सोडवायचं. तेव्हाही हात नाही! जाड टॉवेल टाकायचा.

आता मी कसं करतो ते. दोन पिंजरे. रोज यांच्या अंथरुणाचं फडकं त्यांच्याकडे, त्यांचं यांच्याकडे. मग भेट अशा जागी, जिथे बंड्या कधीच गेलेला नाही. मी दिवाणावर नवी धुतलेली चादर टाकतो. बाथरूम चालेल, पण फिनेलचा वास नको आणि फरशी कोरडी हवी. मध्ये बिनमिठाचा वरणभात पातळ करून ताटलीभर पसरून ठेवायचा. सूर्यफुलाच्या बिया ठेवल्या तर एकेक जण बी उचलून पळतो आणि त्यावरून मारामारी होते. पातळ भात उचलून नेता येत नाही, तिघांनाही तिथेच तोंड घालावं लागतं. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, मग वाढवत जायचं.

शेजारी शेजारी झोपायला लागले की बंड्याचा पिंजरा पूर्ण धुवा, झोळ्यांच्या जागा बदला आणि त्यात तिघांना एकदमच सोडा. एकाच दाराची घरटी काही दिवस काढून ठेवा, पोर आत कोंडलं जातं. पाण्याच्या बाटल्या दोन. आणि दोन पोरं आणलीत हे फार बरं केलंत. एकच आणलं असतं तर त्याने दिवसभर म्हाताऱ्याच्याच अंगावर उड्या मारल्या असत्या.

शिरवळकर

पशुवैद्यकच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून थोडं रागावून. परवा आणलेली पोरं काल भेटवलीत? नव्या उंदरांना दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचं. त्यांना हाताळलं की हात धुवायचे, कपडे बदलायचे, मगच बंड्याकडे जायचं. पाळीव उंदरांमध्ये मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू जवळपास सगळीकडे असतो, तरुणपणी दबून राहतो आणि म्हातारपणी फुप्फुसं धरतो. पोरं शिंकतात का, श्वासाला घरघर येते का ते कानाजवळ धरून ऐका.

बंड्याच्या डोळ्यांभोवती किंवा नाकाशी लाल दिसलं तर ते बहुतेक रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा लाल रंग असतो तो. पण ताण किंवा आजार असला की तो वाढतो. तसं दिसलं तर भेटी थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आणि तुमचं बोट! साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुतलंत ना? धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते बघा. येत्या दिवसांत ताप आला किंवा सांधे दुखले तर उंदीर चावल्याचं डॉक्टरांना आठवणीने सांगा. लोक लाजून सांगत नाहीत.

घाटावरची

बोट धुतलं, इंजेक्शनही घेतलं. नर्सने विचारलं कसं चावला, मी म्हटलं घरचाच आहे. तिने दोनदा विचारलं.

शेपट्या उचलून बघितल्या. दोघेही बुवाच. कोपरखळी, पुठ्ठे आमच्याही जिन्यात आहेत, म्हणून तर दार उघडं राहू देत नाही.

घाटावरची (तेवीस दिवसांनी)

दोन आठवडे पोरं लेकीच्या खोलीत ठेवली. मग दिवाणावर भेटी. पहिल्या दिवशी बंड्याने पुन्हा धाकट्याला उताणं पाडलं. मी पोटाशी उशी धरून बसले, पण हात घातला नाही. चौथ्या दिवशी वरणभातात तिघांची तोंडं एकदम. धाकटा तर बंड्याच्या ओठाला लागलेलं शीत ओढून खात होता आणि हा डोळे मिटून बसलेला.

काल रात्री पिंजऱ्यात सोडले. मी खुर्ची टाकून अडीचपर्यंत जागी. थोडी ढकलाढकल झाली, मग सामसूम. सकाळी बघते तर बंड्या झोळीत! मागचे पाय हल्ली ओढत चालतो, तरी कसाबसा चढला असेल. एक पोर पोटाखाली, एक डोक्यावर.

आता एकच. धाकटा चाटता चाटता बंड्याच्या उजव्या मिशा कुरतडतोय. एक बाजू साफ झालीय.

तिसरा_पिंजरा

मिशा परत येतात. झोळी मात्र आजच एक वीत खाली बांधा.