सल्ला हवा: जोडीतली फुटलेली नक्षीची काच पुन्हा करायची आहे, भाव कसा सांगू?

काचकाम
नमस्कार मंडळी. एका जुन्या कपाटाच्या दोन दारांच्या काचा आहेत. डावी शाबूत, उजवी फुटली, तिचे तुकडेही फेकून दिलेत. नक्षी अशी: लव्हाळ्यात एका पायावर उभा बगळा, मागे गोल चंद्र. शाबूत काचेतला बगळा उजवीकडे, म्हणजे जोडीदाराकडे बघतोय. माप ४५० बाय १२०० मिमी, जाडी ५ मिमी. नक्षी आतल्या बाजूने आहे आणि नख फिरवलं की खरखरतं, म्हणजे सँडब्लास्टिंगच (दाबाच्या हवेने बारीक कण मारून काच खरखरीत करणं) असणार. पिसांना मात्र छटा आहेत, सगळं एकसारखं पांढरं नाही.

माझ्याकडे काच आडवी सरकवता येईल अशी ब्लास्टिंगची पेटी आहे. आजवर नावाच्या पाट्या आणि साध्या किनारी केल्यात. पिसं कधी केली नाहीत.

ग्राहकाचं बजेट: नुसती काच कापून, कडा घासून जेवढ्याला पडते त्याच्या तिप्पट. त्यावर काहीही नाही, हे त्यांनी आधीच सांगितलंय. दोन प्रश्न: नक्षी उतरवून कशी घेऊ, आणि या पैशात काम घ्यावं का?

लेझरवाला
इतका विचार कसला करताय, लेझर घ्या. मी गेल्या वर्षी मोठ्या बेडचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर मशीन घेतलं. फोटो टाकायचा, बटण दाबायचं, आपण दुसरं काम करायचं. वर्षभरात सुटतात पैसे.

काचकाम
दादा, एका काचेसाठी मशीन?

लेझरवाला
एका काचेसाठी नाही हो, पुढच्या शंभर काचांसाठी.

जुनी तावदानं
लेझरने काच झिजत नाही, पृष्ठभागावर बारीक बारीक तडे जातात. त्यामुळे पांढरेपणा चकाकतो आणि कधीकधी बोटाला कपच्या लागतात. ब्लास्टिंगचा मऊ, मुका पांढरा वेगळा. शेजारी जुनी काच असताना हा फरक कोणालाही दिसेल. सुट्या काचेला लेझर चालेल, जोडीला नाही.

आणखी एक. जुनी काच प्रकाशात तिरकी धरून बघा, लाटा दिसतात का. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करायची फ्लोट पद्धत १९५९ साली जाहीर झाली. त्याआधीची ओढलेली काच असेल तर नवी काच शेजारी गुळगुळीत दिसणारच, आणि कडेचा हिरवेपणाही जुळेल असं नाही. हे ग्राहकाला आधी सांगा. काम झाल्यावर सांगितलं की ती सबब वाटते.

फुटकं नशीब
सगळ्यात आधी एक गोष्ट. ती शाबूत काच दुकानात आणू नका! मी आणली होती अशीच एक, नमुन्यासाठी. टेबलावर कागद अंथरला, त्याखाली एक खडा राहिला होता. काच ठेवली, टक् असा एवढासा आवाज आला आणि कोपऱ्यापासून मधोमध तडा. मग दोन्ही काचा फुकट करून दिल्या, वर ग्राहकाची बोलणी खाल्ली. त्यांच्या घरी जाऊन, दार बिजागरीवर असतानाच नक्षी उतरवा.

आडवातिडवा
फोटो काढून कॉम्प्युटरवर ट्रेस करा, पाच मिनिटांचं काम आहे.

मिलिमीटर
पाच मिनिटांत फक्त चुका होतात. मोबाइलच्या फोटोत कडा फुगतात. १२०० मिमीला वर आणि खाली काही मिमीचा फरक सहज पडतो. फोटो घ्याच, पण छटा लक्षात राहाव्यात म्हणून. काचेमागे काळं कापड लावा आणि उजेड बाजूने टाका. समोरून फ्लॅश मारला तर काहीच दिसणार नाही. रेघांसाठी कागदच हवा: पातळ कागद चिकटपट्टीने ताणून लावा आणि शिसपेन्सिल आडवी धरून घासा, लहानपणी नाण्याची नक्षी काढायचो तसं.

निशाचर
पेन्सिलच वापरा, मार्कर नको. मी घाईत थेट काचेवर, खरखरीत बाजूने मार्करने गिरवलं होतं. स्पिरिटने पुसून पुसून हात दुखले तरी फिकट निळी झाक राहिलीच.

हातचं राखून
एवढी झंझट नको असेल तर अ‍ॅसिड. ब्रश फिरवला, थोडं थांबलं, धुतलं. वीस वर्षं करतोय, हातमोजे कधी घातले नाहीत, काही झालं नाही.

जुनी तावदानं
हे वाचून कोणी करून बघू नका, प्लीज. काच खाणारं हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड साध्या भाजण्यासारखं नसतं. सौम्य असलं तर लागल्याचं लगेच कळतही नाही, काही तासांनी दुखायला लागतं आणि तोवर ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम धरायला लागलेलं असतं. म्हणून हे काम करणारे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवतात आणि तरीही लगेच दवाखाना गाठतात. बाजारातल्या एचिंग (काच पांढरी करायच्या) क्रीममध्येही फ्लोराइडच असतं. शिवाय मोठ्या भागावर क्रीम लावलं तर ढगढगाळ डाग पडतात. चंद्र त्याने एकसारखा येणार नाही.

हातचं राखून
तुमच्यासारख्या घाबरटांमुळेच जुनं कसब मेलं.

वाळूचे कण
घाबरण्यावरून आठवलं. काचकाम, पेटीत काय भरता? साधी वाळू असेल तर आजच काढा. फुटलेल्या वाळूची धूळ फुप्फुसात बसते आणि तिने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड नाहीतर सिलिकॉन कार्बाइड भरा. पेटी बंद असली तरी दार उघडताना धूळ येते, तेव्हा मास्क हवाच.

(अवांतर: सँडब्लास्टिंगचं पेटंट १८७० सालचं, अमेरिकेतल्या टिलघमन यांचं. म्हणजे ज्या कसबाच्या नावाने गळे काढताय त्यात हेही येतं.)

काचकाम
अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच आहे, १५० नंबर. आता भावाबद्दल कोणी बोलेल का?

आडवातिडवा
चौरस फुटाचा दर लावा. सगळे तेच करतात.

बारीकसारीक
चौरस फुटाने मी एकदाच बुडाले, पुन्हा नाही. चंद्राचा गोल आणि बगळ्याची शेपटी, दोन्हींचं क्षेत्रफळ सारखं असलं तरी काचेवर चिकटवलेल्या व्हिनाइलमधून (प्लास्टिकचा पापुद्रा; कापून सोललं तिथेच कण लागतात) गोल एका ओढीत सोलून निघतो आणि शेपटीत तास जातो. मी सोलायचे तुकडे मोजते. रेखाटनावर पेन्सिलने टिंब देत जायचं: हे पीस एक, हे दोन, हे लव्हाळ्याचं पातं तीन. शंभराच्या आत असेल तर अर्धा दिवस धरते. तुमच्या बगळ्यात तीनशेच्या वर जातील असं वाटतंय.

मग हिशोब असा: काच दोन नग धरायची (एक फुटणार असं समजून), व्हिनाइल, ग्रिट (फवारायचे कण), वीज, आणि तासांची मजुरी. रेखाटनाची मजुरी वेगळी दाखवा. ते एकदाच लागतं, उद्या त्यांनी दुसरी काच मागितली तर ती स्वस्त पडेल. निम्मे पैसे काच कापायच्या आधी घ्या.

फुटकं नशीब
निम्मे आधी, +१. आणि काच आणूच नका दुकानात.

एकदम सरळ
तिप्पटीत हे बसत नाही, विषय संपला. फ्रॉस्टेड फिल्म कापून चिकटवा, तेवढ्या पैशात छान होईल. नाहीतर दोन्ही काचा नव्या करायला सांगा, म्हणजे जुळण्याचा प्रश्नच मिटला. आमच्या घरच्या फिल्मला सहा वर्षं झाली, एक कोपरा सुटलाय फक्त.

मिलिमीटर
फिल्मला छटा कुठून आणणार?

एकदम सरळ
छटा कोण बघतंय कपाटाच्या दाराला!

रात्रपाळी
घरात लहान मुलं आहेत का ते विचारा. टफन काचच (भट्टीत तापवून एकदम गार केलेली, मजबूत) घाला, माझा आग्रह आहे.

मिलिमीटर
टफन करायची तर सगळं आधी. भट्टीनंतर ती कापता येत नाही, छिद्र पाडता येत नाही. तिचा बाहेरचा थर दाबाखाली असतो, दोन्ही बाजूंना जाडीच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत. वरवरचं ब्लास्टिंग ती सहन करते, पण खोल कोरायला गेलात तर अख्ख्या काचेचा चुरा. ५ मिमीत तो थर मिलिमीटरभरच.

रात्रपाळी
मग मागून सेफ्टी फिल्म लावा.

जुनी तावदानं
मागून म्हणजे नक्षीवर? खरखरीत बाजूला गोंद भरला की पांढरेपणा निघून जातो, ओल्या काचेसारखी दिसते. पाण्याचं बोट लावून बघा, कळेल. फिल्म लावायचीच तर समोरच्या गुळगुळीत बाजूला.

रात्रपाळी
मी तेच म्हणत होतो.

तिरपी फळी
कोणीच विचारलं नाही म्हणून विचारतो: कागद कुठल्या बाजूने घासणार? नवा बगळा डावीकडे बघायला हवा, कारण जोडी समोरासमोर आहे. मी अशाच जोडीत दोन्ही पक्षी एकाच दिशेला केले होते, बसच्या रांगेत उभे असल्यासारखे.

समोरून ट्रेसिंग घेतलं तर कागदावर बगळा उजवीकडे बघणार. तो कागद आहे तसाच नव्या काचेच्या मागच्या बाजूला लावून कापा. मागून उजवीकडे बघणारा समोरून डावीकडे दिसतो. म्हणजे काहीच उलटायचं नाही. पण मिलिमीटर सांगतात तसं घासून घेणार असाल तर ते खरखरीत, म्हणजे मागच्या बाजूनेच होणार. तिथे बगळा डावीकडे बघतो. तो कागद पालथा करायचा, मग लावायचा.

काचकाम
तिरपी फळी, तुम्हाला साष्टांग नमस्कार. मी "जोडीदार आहे तर आरसा हवा" म्हणून समोरचा फोटो कॉम्प्युटरवर उलटून ठेवला होता आणि तो मागून लावणार होतो. रांगच झाली असती.

वाळूचे कण
छटांचं सांगतो. सगळं एकदम सोलू नका. सर्वांत पांढरं हवं ते आधी उघडा, पुसट हवं ते शेवटी, कारण नंतरचा फवारा आधी उघडलेल्या भागावरही पडतोच. तुमच्याकडे चंद्र शेवटी. दाब ३० ते ४० पीएसआय ठेवा, जास्त झाला तर व्हिनाइलच्या कडा उचलतात. नोझल काटकोनात आणि सतत हलतं. आणि धूळ उडवून बघत जा. बसलेल्या धुळीने काच आहे त्याहून पांढरी दिसते, फसायला होतं.

लेझरवाला
लेझरमध्ये हे सगळं सॉफ्टवेअर करतं.

बारीकसारीक
मग ठरलं का? प्लॉटरवर (कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं यंत्र) व्हिनाइल कापून घ्या बाहेरून, हाताने कापत बसू नका. आणि तिप्पटीला हो म्हणू नका.

काचकाम (नऊ दिवसांनी)
काम झालं. रागावू नका, पण तिप्पटीलाच घेतलं आणि हातानेच कापलं.

प्लॉटरवाल्याला रेखाटन दाखवलं. तो म्हणाला पिसांची टोकं एवढी बारीक आहेत की सुरी वळताना उचलतील, टोकं जरा बोथट करतो. बोथट टोकांची पिसं शेजारच्या काचेपुढे कशी दिसतील ते डोळ्यासमोर आलं आणि कागद परत घेऊन आलो. बारीकसारीकताई, टिंबं देऊन मोजली: ३४२. पाती बदलली अकरा. घरी जाऊन नक्षी उतरवण्यापासून काच धुण्यापर्यंत १९ तास. तुमच्या हिशोबाने मजुरी लावली असती तर पाचपट झाली असती. रेखाटन माझ्याकडे राहील असं मात्र त्यांच्याकडून लिहून घेतलं, आणि निम्मे पैसे आधी घेतले. टफन केली नाही, आधीचीही साधीच होती.

बगळा डावीकडे बघतो, हे आधी सांगतो. पिसं चांगली आली. लव्हाळ्यात एका पात्याची कड उचलली गेली होती, तिथे एक ठिपका आहे, शोधला तरच दिसतो. चंद्र मात्र फसला. धूळ उडवून बघायचं नेमकं शेवटी राहिलं, पुरेसा पांढरा झाला असं वाटून थांबलो, सगळं व्हिनाइल काढून टाकलं आणि धुतल्यावर पाहतो तर जुन्या चंद्रापेक्षा बराच पुसट. दुसरी काच धरलीच नव्हती हिशोबात.

दारं लावून दाखवली आणि चंद्राबद्दल मीच बोललो. त्यांनी दोन्ही दारं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. म्हणाले, राहू दे. उरलेले पैसे दिले.

एकदम सरळ
म्हणजे तोट्यात गेलात. फिल्म लावली असती तर दुपारपर्यंत मोकळे.

फुटकं नशीब
काच दुकानात नाही ना आणली?

काचकाम
नाही. घरीच उतरवली, दार बिजागरीवर असताना.

तिरपी फळी
फोटो टाका, दारं मिटलेली. दोन्ही चोची दिसू देत.

नवीन सभासद
छान धागा. मलाही अशीच काच करायची आहे. ग्रिट कुठल्या नंबरची घ्यावी?

वाळूचे कण
वर वाचा हो.